अकरा वाजताचे आकडे

"रिपोर्ट पाठवला का? परवा बीज येऊन राहिलं!" मत्स्य विभागातल्या माझ्या साहेबांचा फोन. मी एकोडीच्या तलावाच्या पाळीवर उभी होते. फक्त सही बाकी होती.

बीज म्हणजे माशांची बोटभरही नसलेली पिल्लं. तलावात सोडल्यावर त्यांचं पहिलं खाणं झूप्लँक्टन, म्हणजे पाण्यात तरंगणारे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव. ते कमी पडले की पिल्लं उपाशी मरतात आणि गावच्या मच्छीमार संस्थेची वर्षभराची मासेमारी बुडते. म्हणून ही मोजणी. आमचं ऑप्टिकल काउंटर पाण्यात उजेडाचा झोत सोडतं. झोतासमोरून कण गेला की एक नोंद. आठवडाभर आकडे झकास येत होते. मशीन माझ्याच हट्टाने घेतलेलं, त्यामुळे मी खुशीत.

संस्थेचे अध्यक्ष डोमाजी मात्र ओंजळीत पाणी घेऊन निरखत बसले होते.

"म्याडम, मले काई पटून नाई राहिलं. एवढा किडा हाये तं दिसत काहून नाई?"

"काका, ते डोळ्यांनी नाही, मशीनने मोजतात."

"मोजा ना! पण तुमी रोज अकराले येता. तवाच आमच्या म्हशी पाण्यात उतरतेत. एकडाव सकाळी सहाले येऊन पाहा."

ऑफिसची गाडी भंडाऱ्याहून निघते नऊनंतर, वाटेत चहा. अकराच्या आधी मी कधी पोहोचलेच नव्हते. मनातून चिडले, तरी जवळच्या साकोलीत बहिणीकडे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सहाला हजर झाले.

आकडा पार खाली. बारीक जाळीतून पाणी गाळलं, तर चिमूटभर जीव. अकराला म्हशी उतरल्या, आकडा चढला. पुन्हा गाळलं, जीव तेवढेच, बाकी सगळा गाळ. मशीनला चिखलाचा कणही कणच. तो जीव आहे की नाही हे बघणं माझं काम होतं. लाजेने कान तापले.

साहेबांना सगळं सांगितलं.

"आता संस्थेले काय सांगू मी?"

"सर, संस्थेनंच मला सांगितलंय."

त्यांनी सहाचा आणि अकराचा आकडा पुन्हा विचारून घेतला. मग म्हणाले, "थांबव बीज."

पुढचे पंधरा दिवस संस्थेने पाण्यात शेण कालवलं. त्याने हे जीव वाढतात. सकाळचा आकडा चढला आणि जाळीतला मालही त्याला जुळला, तेव्हाच बीज सोडलं. पिल्लं जगली.

उन्हाळ्यात डोमाजींनी वाढलेले रोहू मासे दाखवायला मुद्दाम बोलावलं. त्यांनी अडवलं नसतं तर माझ्या सहीने हा तलाव रिकामा राहिला असता. मी मनापासून आभार मानले. ते जाळं सोडवत होते, मान वर न करता म्हणाले, "म्हशीचे माना."

मानते. आणि नव्या तलावावर मशीन उतरवण्याआधी विचारते, इथं पाण्यात कोण, किती वाजता उतरतं?