वारज्याला न पोचलेला डबा

ही गोष्ट मी बायकोलासुद्धा परवापरवापर्यंत सांगितली नव्हती. मी मुळात कमी बोलतो. ऑफिसात त्याला शांत स्वभाव म्हणतात, घरी घुमेपणा म्हणतात. खरं कारण तिसरंच आहे. एक गोष्ट गिळून बसलेल्या माणसाला बाकीच्याही जपूनच बोलाव्या लागतात, न जाणो, बोलता बोलता तीच बाहेर यायची.

आमच्या अकोल्याच्या घरी चार गाण्यांची एक छोटी तबकडी होती. वडिलांनी साठच्या दशकात पुण्याहून आणलेली. पाकिटावर तीन मुलींचा फोटो. सारख्या काठांच्या साड्या आणि तिघींत मिळून एक माईक. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहणाऱ्या या तीन मैत्रिणी एकत्र गायच्या. चार-पाच वर्षं त्यांचं चांगलं नाव झालं, ही एक तबकडी निघाली, आणि एका गणेशोत्सवानंतर त्या पुन्हा कधीच एका स्टेजवर उभ्या राहिल्या नाहीत. त्रिकुटाचं नाव मी इथे लिहीत नाही. तेवढी लाज उरली आहे.

गाणी मला आवडायचीच, पण वेड होतं ते त्या फोटोचं. मधली कॅमेऱ्याकडे बघून हसतेय. उजवी लाजून खाली बघतेय. आणि डावी कॅमेऱ्याकडे बघतच नाही, ती मधलीकडे बघतेय. ते बघणं कौतुकाचं की रागाचं, हे मला दहाव्या वर्षापासून कळत नव्हतं. गाणं संपलं तरी मी पाकीट घेऊन बसलेला असायचो. आई म्हणायची, "गाणं ऐकून राहिला का पोरी पाहून राहिला?"

नव्वदचं दशक संपता संपता मी नोकरीसाठी पुण्यात आलो. तेव्हा जगभरच्या कॉम्प्युटरांतली दोन आकडी सालं चार आकडी करायची घाई लागली होती आणि आमच्यासारख्या नव्या पोरांना त्याचा पगार मिळत होता. स्वारगेटजवळ तिघांत एक खोली होती. रविवारी काय करायचं हा प्रश्न असायचा, म्हणून मी जुन्या बाजारात तबकड्या चाळायला जायचो. एकदा त्या त्रिकुटाचं नाव काढलं, तर विक्रेता मान वर न करता म्हणाला, "डावीकडची ना? खडकीतच आहे. फॅक्टरीच्या ऑफिसात होती. जाऊन भेटा, चावत नाही."

मी गेलो. दार उघडणाऱ्या बाई साठीच्या जवळ आलेल्या होत्या, पण बघण्याची पद्धत तीच, फोटोतली.

"पत्रकार आहात?"

"नाही. कॉम्प्युटरमध्ये आहे."

"मग बसा. पत्रकाराला मी चहा देत नाही."

दुसऱ्या रविवारी 'बसा'चं 'बस' झालं, आणि मी त्यांना काकू म्हणू लागलो. त्या मला कॉम्प्युटर म्हणायच्या. "काय रे कॉम्प्युटर, आज लवकर येऊन राहिला?" माझं वऱ्हाडी त्यांना फार आवडायचं, म्हणजे चिडवायला.

त्या दिवशीचं त्यांनी असं सांगितलं. फॅक्टरीच्या गणेशोत्सवात तिघींचा कार्यक्रम. मंडप भरलेला, पेटीवाले बसलेले, आणि मधलीचा पत्ता नाही. ती सकाळच्या गाडीने मुंबईला गेली होती, एका संगीतकाराकडे, एकटी, न सांगता. "मग मीच माईकसमोर गेले," काकू म्हणाल्या. "म्हटलं, आमच्या मैत्रिणीला सणकून ताप भरलाय, आम्ही दोघी गाऊ. देवाच्या मंडपात खोटं बोलले तिच्यासाठी. आणि गायलो काय, कप्पाळ! मधला आवाज काढल्यावर दोन बाजूंना काय उरतं?" उजवी पुढे लग्न होऊन आफ्रिकेला गेली आणि या भांडणातूनही गेली. उरल्या दोघी. त्या तीस वर्षांत एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

"आता वारज्याला राहते म्हणे," काकू म्हणाल्या. "मला काय करायचंय." पण इमारतीचं नाव त्यांना माहीत होतं. मजलासुद्धा.

मी वारज्यालाही गेलो. मधलीने पहिल्याच दिवशी बजावलं, "काकू म्हणायचं नाही. गाणाऱ्या बाईला ताई म्हणतात." तेव्हापासून ताई. मुंबईत त्यांचं एक गाणं झालं होतं, पण तो सिनेमाच डब्यात गेला. पुढे संसार, नवऱ्याच्या बदल्या, मग मुलाने घेऊन दिलेला हा फ्लॅट. आणि हकिकत त्यांची वेगळी होती. "बोलावणं तिघींना होतं. हिच्या वडिलांनी नाही म्हटलं. तर हिनं ठरवून टाकलं, कुणीच जायचं नाही! मी आदल्या दिवशी सांगितलं होतं तिला, मी जाणार. तिला ते ऐकू आलं नाही, त्याला मी काय करू? आणि वर ताप! आमची आई आठवडाभर लोकांना सांगत होती, अहो, बरी आहे ती, काही झालं नाही तिला."

मला दोन्ही हकिकती हव्या होत्या. मी वही केली होती. एक रविवार खडकी, एक रविवार वारजे, मित्राच्या स्कूटरवर. दोघीही मी बसायच्या आत विचारायच्या, "काय म्हणत होती?" आणि मी सांगायचो. सांगताना निवडायचो. काकू एकदा म्हणाल्या होत्या, वरचा सूर तिच्यासारखा लावणारी मी पुन्हा ऐकली नाही. ते मी वहीत लिहून घेतलं, वारज्याला नेलं नाही. टोमणे मात्र ताजे ताजे पोचवले. टोमण्याला उत्तर यायचं, त्यातून जुनं काहीतरी निघायचं, आणि जगात ते फक्त मला माहीत असायचं. पुण्यात मला ओळखणारं कुणी नव्हतं. या दोन घरांत माझी वाट बघितली जायची.

मग संक्रांत आली. काकूंनी माझ्यासमोर एक स्टीलचा डबा ठेवला. तो मी लगेच ओळखला, कारण त्याची हकिकत वहीत होती. फॅक्टरीच्या मंडळाने एका वर्षी तिघींना सारखे तीन डबे बक्षीस दिले होते, झाकणावर त्रिकुटाचं नाव घातलेले. आत तिळाचे लाडू होते.

"हा वारज्याला द्यायचा."

"कोणाला?" मी उगाचच विचारलं.

"वारज्याच्या पोस्टमास्तरांना." मग त्या हसल्या. "तिला रे. आणि म्हणावं, ताप उतरला का? एवढंच म्हण. मध्ये तुझे शब्द घालू नकोस. घालतोस तू, मला माहितेय."

स्कूटरवर डबा पायांत धरून मी निघालो. आनंद व्हायला हवा होता. पण मला दिसत होतं ते असं: दोघी वारज्याच्या खोलीत समोरासमोर बसल्यात, गुडघेदुखी आणि सुना यांच्यावर बोलतायत, आणि मी दाराजवळच्या खुर्चीत. मला कुणी विचारत नाही, काय म्हणत होती. तीस वर्षांचं ते सगळं चार लाडवांत मिटणार आणि त्या दोन साध्या म्हाताऱ्या मैत्रिणी होणार, कुणाच्याही असतात तशा.

त्या संध्याकाळी वारज्याला गेलो नाही. सोमवारी डबा ऑफिसात नेला, कामावरून परस्पर जाऊ म्हणून. मीटिंगमधून परत येतो तर टेबलाभोवती सगळी टीम. "संक्रांत आणि लाडू लपवून ठेवतोस? भारी आहेत राव, कुणी केले?" डब्यात चार लाडू उरले होते आणि तळाला तीळ.

आता मी नेमकं सांगतो, कारण इतकी वर्षं मी स्वतःलासुद्धा इथे चकवत आलो. लाडू टीमने खाल्ले, असं मी मनात म्हणत असे. पण चार उरले होते. चारांनी काम झालं असतं, एकानंही झालं असतं. तिळगुळाचा तुकडाच देतात लोक हातावर. ते चार मी खाल्ले. स्क्रीनसमोर बसून, एकामागून एक, भूक नसताना. कडक होते.

मग राहिला डबा. दुसऱ्याच्या घरून आलेला डबा रिकामा परत देत नाहीत, हे मला शिकवायला नको होतं. काही नसेल तर आई चमचाभर साखर तरी घालायची. रिकामा डबा म्हणजे संबंध संपले, एवढाच त्याचा अर्थ. खोलीत साखर होती. पण ताईंच्या वतीने साखर घालणं म्हणजे खोटं बोलणं, असं मी स्वतःला पटवलं, आणि डबा घासून, पुसून, रिकामा खडकीला नेला.

काकूंनी झाकण उघडलं. आत बघण्यासारखं काही नव्हतं, तरी त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"भेटली होती?"

"हो." भेटल्या होत्या, संक्रांतीच्या आधीच्या रविवारी.

"काही म्हणाली?"

"नाही. काही म्हणाल्या नाहीत."

एकही शब्द खोटा नव्हता.

"बरं," काकू म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या. त्यानंतर त्यांनी मला कधीही विचारलं नाही, ती काय म्हणत होती. फोटोतली डावी मधलीकडे बघायची थांबली. मी तरी जात राहिलो, पण माझ्याकडे आणि त्यांच्याकडे बोलायला फारसं काही नव्हतं. तीन वर्षांनी त्या गेल्या. घरच्यांना भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या मुलाने विचारलं, आईची आठवण म्हणून काही हवंय का. मी डबा मागितला. पश्चात्ताप वगैरे तेव्हा नव्हता. तो डबा माझ्या संग्रहात हवा होता.

बातमी ताईंना मीच सांगितली. त्या म्हणाल्या, "शेवटी माझ्याबद्दल काही?" मी मान हलवली. त्या म्हणाल्या, "तिनं एकदा तिळगूळ पाठवला असता ना, मी चालत गेले असते खडकीला."

हे वाक्य मी दर संक्रांतीला ऐकलं. लग्न झालं, मुलगी झाली, कंपन्या बदलल्या, शेतांच्या जागी काचेच्या इमारती आल्या, आणि मी दर रविवारी वारज्याला. आता एक रविवार खडकी नव्हतं. ताईंचा मुलगा परदेशात, म्हणून त्यांचं दवाखान्याचं, बँकेचं, मोबाइलचं सगळं मी बघायचो. शेजारी म्हणायचे, पोटचा करणार नाही इतकं करतो. बायको म्हणायची, "माझ्या आईकडे वर्षातून दोनदा जातोस. त्या बाईंनी काय जादू केलीय?" ताई म्हणायच्या, "तू नसतास तर मला तिचं काहीच कळलं नसतं." मी त्यांच्या सोफ्याच्या ठरलेल्या कोपऱ्यात बसून ऐकायचो. उठून जाता येत नव्हतं आणि सांगताही येत नव्हतं. जितकं जास्त करत गेलो, तितकं सांगणं अवघड होत गेलं.

या संक्रांतीला बायकोने पिशवी भरून दिली. "ताईंसाठी लाडू. कपाटात तुझ्या तबकड्यांमागे एक डबा होता, घट्ट झाकणाचा, त्यात भरलेत." ती काय म्हणाली हे मी ऐकलंच नाही. पंचवीस वर्षांच्या सवयीने पिशवी उचलून निघालो.

ताईंनी डबा काढून ओट्यावर ठेवला आणि त्या थांबल्या. झाकणावरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग फळीवर बघितलं. तिथे त्यांचा डबा होता, चहापावडरीचा.

"हा तिचा."

"हो."

"तुझ्याकडे कसा?"

मुलाने दिला, त्या गेल्यावर. उत्तर तयार होतं आणि तेही खरं होतं. अशा खऱ्या वाक्यांवर मी अर्धं आयुष्य काढलं. पण त्यांचं बोट अजून झाकणावर होतं.

"ताई, हा डबा तुमच्याकडे यायचा होता," मी म्हणालो. "तेव्हाच. तिळगुळाचा."

मग उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. टीम, चार लाडू, साखर, रिकामा डबा. पोचवलेले टोमणे आणि न पोचवलेला वरचा सूर. माझं संपलं तेव्हा ताईंनी विचारलं,

"कडक होते का लाडू?"

"हो."

"गूळ जास्त घालायची. कितीदा सांगितलं." मग म्हणाल्या, "नुसताच डबा दिला? काही म्हणाली नाही?"

"म्हणाल्या. म्हणावं, ताप उतरला का?"

ताई हसल्या. ओट्याची कड धरून, खाली वाकून, मुलीसारख्या हसल्या. हसता हसता ते हसणं राहिलं नाही. मी पाणी पुढे केलं, त्यांनी घेतलं नाही.

मग त्यांनी बायकोचे लाडू ताटात काढले, डबा धुतला, पुसला आणि फळीवर आपल्या डब्याशेजारी ठेवला. दोन्हींची अक्षरं समोर येतील असा फिरवला.

"उतरला म्हणावं," त्या डब्याकडे बघत म्हणाल्या. आणि माझ्याकडे न बघता, "बायकोला सांग, लाडू पोचले."

रविवारचं काही बोलल्या नाहीत. घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "आणि मी त्यात लाडू भरले." त्यानंतरचे दोन रविवार मी सकाळी कपडे करून हॉलमध्ये बसलो. फोन वाजला नाही. पूर्वी वारज्याला अडकल्यासारखं वाटायचं, आता इथे वाटतं. काल वही काढून वरच्या सुराचं ते वाक्य काकूंच्या शब्दांत, माझा एकही शब्द न घालता, एका कागदावर उतरवून घेतलंय. उद्या नेणार आहे. दार उघडलं नाही, तर खालून सरकवून येईन.