साडूंचा मॅन्युअल मोड

ऑटो मोडवर काढलेला फोटो हा फोटोच नव्हे, असं मानणारा नाशिक जिल्ह्यातला एकमेव माणूस माझ्याच नात्यात निघावा, हे माझं नशीब. हे आमचे साडू. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये हयात घालवली आणि निवृत्त झाल्यावर लेकीने कॅमेरा घेऊन दिला. फोटोत उजेड किती येणार हे अ‍ॅपर्चर, शटर आणि आयएसओ या तिघांवर ठरतं, एवढं तिनेच शिकवलं. पुढचं सगळं साडूंनी बॉयलरवरून आणलं. तिथे एक व्हॉल्व्ह फिरवला की काटा स्थिर होईपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नसतो. साडू कॅमेऱ्याचीही एक चकती फिरवतात आणि हाताची घडी घालून थांबतात. कॅमेऱ्याला असं थांबावं लागत नाही, हे लेकीने परोपरीने सांगून पाहिलं. "मशीनला घाई करायची नसते बाळा," एवढंच उत्तर मिळालं.

त्यामुळे गंगापूर धरणावरच्या त्यांच्या फोटोंत पाणी फार सुरेख आलंय. बगळे होते, ते उडाले. माझ्या नातवाच्या जावळाला मामाच्या मांडीवरचं पोर टिपायचं होतं. साडूंचं जमेपर्यंत न्हावी वस्तरा पुसून चहा पीत बसला होता. आम्ही आपलं पोराचं टक्कलच मोठं करून भिंतीवर लावलंय.

मग लेकीला जर्मनीत नोकरी लागली. निघायच्या सकाळी गाडी फाटकाशी उभी, बॅगा चढवलेल्या, आणि साडूंनी तिला जास्वंदीपाशी उभं केलं. "एकच चांगला फोटो हवाय मला तुझा," म्हणाले. चकती फिरवली, थांबले. दुसरी फिरवली, थांबले. ताई, म्हणजे त्यांची बायको, म्हणाली, "अहो, विमान थांबणार नाही तुमच्यासाठी." ड्रायव्हरने हॉर्न दिला. मी वैतागून साडूंच्या मागे जाऊन उभा राहिलो. स्क्रीनवर उजेडाची खूण बरोबर मध्यावर होती, म्हणजे उजेड हवा तेवढा होता. फोकस झाला होता. लेक हसरी, स्वच्छ दिसत होती. आता नुसतं बटण दाबायचं होतं.

"थांब बाळा, अजून जरा काळं येतंय," साडू म्हणाले.

मी पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं, खूण मध्यावरच होती. लेकीने गाडीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "सावकाश करा पप्पा," ती म्हणाली. "मी थांबलेय."

मी फाटकापाशी गेलो आणि ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगितलं.