बाबाच्या चालण्याचा व्हिडिओ

तो व्हिडिओ मी टाकायलेच नको होता. झालं, पहिलेच सांगून टाकलं, आता बाकीचं ऐका.

बाबाले मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन, केमो, सगळं नागपूरले, माझ्या नंदनवनच्या भाड्याच्या खोलीत राहून. गावाकडे, नरखेडच्या बाजूले, आम्ही फक्त 'अल्सरचं ऑपरेशन' सांगितलं. बाबाचीच अट होती. "कॅन्सर म्हटलं का लोकं पाहाले येतात नं, मंग जन्मभर तसंच पाहात राहतात." मले वाटे, एवढं काय लपवायचं यार!

केमो संपल्यावर दवाखान्यातल्या व्यायामवाल्या मॅडमनं एक कागद दिला. हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठायचं. आणि रोज अर्धा तास चालायचं, इतक्या वेगानं का चालता चालता बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही.

"मले तं बसल्या बसल्याही गाणं येत नाही, मॅडम," बाबा म्हणाला.

मॅडम हसल्या, पण लगेच म्हणाल्या, "काका, हे औषधासारखं धरा. आजार परत येऊ नये म्हणून आपल्या हातात जे आहे, त्यातलं हे एक मोठं."

बाबानं ते असं मनावर घेतलं! गावी गेल्यावर रोज घरून संत्र्याच्या बगीच्यापर्यंत पायी. आधी वाटेत दोनदा बसे, मग एकदा, मग बसणंच बंद. आई फोनवर सांगे, "आता त्यायले भूक लागून राहिली वं."

दिवाळीत मी गेली तं बाबा माझ्यापुढं झपाझप चालून राहिला होता. ढगळा शर्ट, मान वर. वळून म्हणाला, "चाल वं, मागं काहून राहून राहिली?" मले इतका आनंद झाला, इतका, का मी व्हिडिओ काढला अन् चालता चालताच भावकीच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, 'कॅन्सरले हरवून चालून राहिला माझा बाप!!!'

पाठवल्यावर कळलं मी काय केलं ते. डिलीट केला, पण तोवर पुढं गेला होता.

संध्याकाळी बाबानं विचारलं, "तूच टाकला काय?"

"हो."

"बरं." बस, एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून रस्त्यावर जो तो गाडी थांबवे. "काका, बसा गा! कॅन्सरच्या माणसानं पायी जावं, अन् आमी काय मेलो?" आमच्याकडे कोणी आपल्यासाठी गाडी थांबवली अन् आपण नाही म्हटलं, तं त्या माणसाचा अपमान होतो. बाबा कोणाचा अपमान करत नाही. आठ दिवसांत सकाळी दारातच गाडी उभी राहायले लागली. आई म्हणे, "पोट्टे लय चांगले आहेत वं, पण काय करू?"

पुढच्या तपासणीले मॅडमनं दवाखान्याच्या व्हरांड्यात सहा मिनिटं चालायले लावलं. अंतर मागच्या वेळेपेक्षा कमी भरलं. दम लागला तो वेगळाच.

"काका, चालणं सोडलं काय?"

"थंडी होती, मॅडम."

मी बाजूलेच उभी होती. बाबानं माझ्याकडे पाह्यलंही नाही. अन् एरवी इतकी बडबड करणारी मी, फाइलीतले रिपोर्ट लावत राहिली.

त्या शनिवारी एसटीनं गावी गेली. म्हटलं, आपण सोबत चालू, कोण थांबवते ते पाहू. घरापासून थोडं गेलो अन् गाडी थांबलीच. शेजारचा दादा. मी म्हटलं, "दादा, त्यायले चालू द्या नं. डॉक्टरनं सांगितलं आहे."

"अवं, तूच तं ग्रुपवर टाकलं होतं नं? अन् आता बिमार बापाले पायी फिरवून राहिली?"

बाबानंच त्याच्या खांद्यावर हात ठेवला अन् मागं बसला. "तू ये आरामानं," मले म्हणाला.

मले बगीच्यात पोचाले पंचवीस मिनिटं लागली. बाबा झाडाखाली खाटेवर बसला होता. चार जण भोवती होते, अन् त्यातला एक जण बाबाले संत्रं सोलून देऊन राहिला होता.