अबोलीला आणायला
शांताराम साळवे मूळचे नगरचे, पिढ्यान्‌पिढ्यांचे ख्रिस्ती, आणि दिल्लीतल्या एका गणेश मंडळाचे सगळ्यात खमके कार्यकर्ते. यात नवल वाटणाऱ्यांचंच त्यांना नवल वाटे. केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर नोएडात नातवंडं खेळवायची सोडून या गृहस्थांनी मंडळाच्या मागच्या खोल्यांना वाहून घेतलं होतं. हिंदूराव इस्पितळाच्या बाजूला असलेल्या त्या खोल्यांत महाराष्ट्रातून उपचारांसाठी आलेली, हिंदीला बिचकणारी माणसं उतरत. शांताराम त्यांना स्टेशनवरून आणत, इस्पितळाच्या रांगेत त्यांच्यासाठी उभे राहत, रिक्षावाल्यांशी कडाकडा भांडत. आलेला माणूस कुठल्या धर्माचा, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

मग गुरुग्रामच्या एका देणगीदाराने त्या जागी तीन मजली धर्मशाळा बांधून द्यायची तयारी दाखवली. अट एकच, राहणारे आणि सेवा करणारे फक्त हिंदू हवेत. मंडळातल्या कित्येकांच्या तोंडाला पाणी सुटलं. पण मंडळाची एक जुनी रीत होती. ठराव गणपतीसमोर मांडायचा, आणि हजर असलेल्यांपैकी एकाने जरी 'नाही' म्हटलं तरी तो तिथेच बारगळायचा. देवासमोर मतं मोजणं त्यांना बरं वाटत नसे. शांताराम 'नाही' म्हणणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"तू बिल्कुल काळजी करू नकोस यार," अध्यक्ष दत्तात्रय त्यांना म्हणाले. "तुझ्याआधी मीच नाही म्हणतो." दोघं आयुष्यभर एकाच ऑफिसात शेजारी बसलेले. शांतारामांनी विश्वास ठेवला. का ठेवू नये?

बैठकीच्या आठवडाभर आधी दत्तात्रयांनी एक काम सांगितलं. बार्शीहून अबोली नावाची लहान मुलगी आईबरोबर येतेय, तिच्या हृदयाला भोक आहे, आणि गाडी नेमकी बैठकीच्याच वेळी पोचतेय. "आणायला तुझ्याशिवाय कोण आहे? ठरावाचं मी बघतो."

शांताराम निजामुद्दीन स्टेशनला जाऊन अबोलीच्या नावाची पाटी धरून उभे राहिले. गाडी आली, रिकामी झाली, यार्डात गेली. त्यांनी वेटिंग रूम पाहिली, पूल पाहिला, पोलीस चौकीत विचारलं. दत्तात्रयांचा फोन बंद. आजारी पोरीला घेऊन ती बाई या शहरात कुठे भरकटली असेल, या विचाराने ते पुन्हा एकदा सगळे प्लॅटफॉर्म फिरून आले.

ते मंडळात परतले तेव्हा पेढे वाटणं चाललं होतं. तिकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. त्यांनी दत्तात्रयांना दाराशी गाठलं.

"अबोली आलीच नाही रे. चल, रीतसर तक्रार देऊ."

दत्तात्रयांनी मान खाली घातली. "अशी कुणी मुलगीच नाहीये, शांताराम. तू इथे असतास तर नाही म्हणाला असतास. अरे, तीन मजले! किती पेशंटांची सोय होईल. तू समजून घेशील. तू आपलाच आहेस."

शांतारामांच्या अंगाची लाही लाही झाली. तोंडावर हाकललं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण दत्तात्रयांनी त्यांच्या चांगुलपणालाच आमिष दाखवलं होतं. गळपट्टी धरावी असं वाटलं, पण हात उठेना.

"रविवारी मी चर्चमध्ये प्रार्थनेसाठी तिचं नाव दिलं होतं, दत्ता," ते म्हणाले. "सगळं चर्च तिच्यासाठी उभं राहिलं होतं."