आत ठेवलेलं कापड

आमच्या सीवूड्सच्या सोसायटीबाहेर एका जिन्याखाली एक टेलरकाका बसतात. ते फक्त अल्टरेशन करतात, नवीन काही शिवत नाहीत. खडू कानावर, टेप गळ्यात. दुपारचे चार वाजले की मशीनवर चादर टाकायची आणि गळ घेऊन खाडीवर मासे धरायला जायचं, हा त्यांचा नेम. माणूस इथल्याच जुन्या गावातला. धाकटा भाऊ बिल्डर झालाय आणि समोरचा टॉवर त्याचाच, हे मला वॉचमनने सांगितलं.

मला राहवायचं नाही. "काका, गाळा घ्या, दोन कारागीर ठेवा, सूट शिवा," असं मी जाता-येता सुनावायचो. सुईत दोरा ओवत ते म्हणायचे, "मंग चार वाजता खाडीवर कोन जाईल?" मला हा चक्क आळस वाटायचा.

गेल्या महिन्यात ऑफिसची पँट घेऊन गेलो. त्यांनी टेप आधी माझ्या कमरेला लावली, मग पँटला.

"दोन इंच ढिली हाय. आजारी होता काय?"

"नाही. प्रमोशन झालं."

ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. चार वाजत आले होते, तरी त्यांनी पँट लगेच मशीनवर घेतली आणि काम संपेपर्यंत उठले नाहीत. देताना शिवण उलटी करून दाखवली.

"जादा कापड कापलं नाय, आत ठेवलंय. परत अंग धरलंत की या, उसवून देईन."