दीड मीटर वायरीचा सौदा

विजेची प्रतवारी करणारा माणूस अख्ख्या जगात एकच असावा, आणि सांगलीत त्याच्या माडीवर मी नऊ वर्षं भाड्यानं राहिलो आहे. हळदीला एक नंबर, दोन नंबर, कणी अशा प्रती असतात हे मलाही माहीत होतं. पण घरात तारेतून येणाऱ्या विजेलाही त्या असतात, हे मला आमच्या घरमालकांकडून कळलं. मी मूळचा साताऱ्याचा, म्हणून कोयना धरणाची सगळी जबाबदारी त्यांनी पहिल्याच आठवड्यात माझ्यावर टाकली. "सातारकर, तुमच्या कोयनेची वीज लय सरळ," असं ते मला शाबासकी दिल्यासारखं सांगत. उसाचं गळीत सुरू झालं की मात्र कपाळाला आठ्या. "आता कारखान्याची वीज मिसळाय लागली बगा. आवाजाला पाक सुटलाय. वरनं गोड आन तळाला मळी." मी हिशोब तपासून पोट भरणारा माणूस. विजेच्या बिलावरचे आकडे मला कळतात, त्यातली मळी कळत नाही. पण मालक हे इतक्या शांतपणे सांगत, की त्या महिन्यात मला रेडिओवरच्या बातम्यासुद्धा जरा चिकट वाटू लागत.

त्यांच्या कानाला तसा अधिकार होता. सारा जन्म हळदीच्या बाजारात दलालीत गेला. माल आला की इतर लोक हळकुंडाचा रंग बघत, वास घेत. मालक हळकुंड कानाशी धरून मोडत आणि डोळे मिटत. वाळलेलं, नीट शिजलेलं हळकुंड मोडताना धातूवर टिचकी मारल्यासारखं वाजतं म्हणे. "आत ओल हाय," असं ते म्हणाले की शेतकरी वाद घालत नसे, पोतं उचलून पुन्हा उन्हात टाकायला नेई. ही सवय घरीही सुटली नाही. कलिंगड, बादली, कुंडी, काहीही विकत घेताना आधी टिचकी. मी खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी भिंतीवर बोटानं ठोकून मला ऐकवलं, "पोकळ न्हाई. ऐका." डिपॉझिटचं बोलणं त्यानंतर. आम्ही माडीवर चालत असू ते त्यांना खालून वाचता येई. एकदा जिन्यात थांबवून म्हणाले, "सातारकर, डावी चप्पल टाचेला झिजलीया." मी वर जाऊन पाहिलं. झिजली होती.

त्यांच्या पुढच्या खोलीत काचेच्या कपाटात एक ॲम्प्लिफायर होता. मिरजेच्या कारागिराकडून जोडून घेतलेला, आणि त्याला दोन उंच लाकडी स्पीकर. दिवेलागणीला मालक अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून त्याच्यासमोर बसत आणि जुन्या गवयांच्या टेपा ऐकत. घराचे बाकी सगळे कारभार काकूंच्या, म्हणजे मालकिणीच्या, हातात होते, पण आवाजाच्या बटणाला हात लावायची परवानगी त्यांनाही नव्हती. ते बटण एकदा योग्य जागी लावून झालं होतं. मी एकदा जरा मोठं करा म्हणालो, तर म्हणाले, "पिळून आवाज काढायचा तर चरकावर ऊस काय वाईट हाय?" गाणाऱ्यापेक्षा त्यांचं लक्ष गाण्यामागच्या तंबोऱ्यावर असे. तारा छेडल्यावर जो बारीक झणत्कार उठतो, जवारी म्हणतात तो, तो ऐकू आला की त्यांचा चेहरा निवायचा. "गवई थकंल, चुकंल. तंबोरा बगा, उभ्या जन्मात एकदाबी खोटं बोलला न्हाई."

पुढे मी साताऱ्यात स्वतःचं घर बांधलं आणि सांगली सुटली. फोन मात्र चालू राहिले. गेल्या वर्षी एका सकाळी मालकांचा फोन आला. "सातारकर, कोयनेत काय बिघाड हाय काय?" मी म्हणालो, वाचण्यात तरी नाही. "मग माझा तंबोरा कुठं गेला? गवई हाय, तबला हाय, मागं तंबोरा न्हाई. विजेत कायतरी झालंय." तेवढ्यात काकूंनी फोन घेतला. "आवं, विजेला काय धाड भरलीया? कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत न्हाईत ह्यास्नी. परवा मी देवळात गेले, डाळ जळून कोळसा झाली, आन हे शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसलेले. डॉक्टर म्हणाले बारीक आवाज गेलेत, मशीन लावा. तर म्हणं, कान माझा खणखणीत हाय."

मला हसू आलं नाही. ज्याच्या कानावर बाजाराचा भाव ठरत होता, त्याला कानात मशीन घाला म्हणणं म्हणजे काय, हे मला कळत होतं. काकूंनाही कळत होतं. म्हणून जबरदस्ती न करता त्यांनी सौदा ठरवला होता. मालकांना भिंतीतल्या प्लगपासून ॲम्प्लिफायरपर्यंतच्या वायरीचा संशय होता. कॉम्प्युटरला असते तसली, मागून काढता-घालता येणारी ती काळी वायर. ती बदलून चांगली आणायची. तंबोरा परत आला तर मशीनचं नाव काढायचं नाही. नाही आला, तर निमूट दवाखान्यात जायचं.

वायर निवडायला मालकांनी मला बोलावून घेतलं, कारण "आकड्याचा माणूस पायजे." मी आकडे सांगितले. आपली इस्त्री हजार वॉटची, ॲम्प्लिफायर साठ वॉटचा. साध्या वायरीलाही तो जड नाही. शिवाय धरणापासून खांबापर्यंतची तार तीच, भिंतीतलीही तीच, आणि शेवटची दीड मीटर तेवढी सुधारून काय होणार? मालकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कृष्णेचं पाणी कुठनंबी वाहात येऊ दे, सातारकर. पिताना हातातला तांब्या घासलेला आसावा का नसावा?"

पुण्याच्या एका दुकानदारानं पसंत पडली तर ठेवा म्हणून एक वायर पाठवली होती. मनगटाएवढी जाड, मखमली पिशवीत, आणि किंमत ॲम्प्लिफायरपेक्षा जास्त. मालकांनी ती उचलून पाहिली आणि म्हणाले, "ही वायर न्हाई, आजगर हाय. ह्याला रोज कोंबडी लागंल." जैन घरात हे वाक्य ऐकून काकूंनी कानावर हात ठेवले. मग परवडणारी बघायला आम्ही स्टँडकडच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेलो. मालकांनी एकेक वायर कानाजवळ वाकवली, टोक सोलायला लावून तांब्याची तार नखानं छेडली. दुकानदार म्हणाला, "मालक, वायर हाय ही. हळकुंड न्हवं." पण मालकांची परीक्षा वाटली तेवढी वेडी नव्हती. आत तांबं भरपूर आहे का, अर्थिंगची तिसरी तार आहे का, पिन प्लगात घट्ट बसते का, आणि लांबी लागेल तेवढीच आहे का, हे सगळं त्यांनी पाहिलं. घरच्या जुन्या वायरीची पिन सैल होती आणि हाताला कोमट लागायची, हे मीही तपासून मान्य केलं. शेवटी तीन पदरी जाड तांब्याची वायर आणि चांगली पिन घेऊन दुकानदाराकडूनच जोडून घेतली. पुण्याच्या अजगराच्या मानानं फुकटच म्हणायची.

परीक्षा मालकांनी बाजाराच्या दस्तुरानं ठेवली. पूर्वी बाजारात भाव तोंडानं सांगत नसत. दलाल आणि व्यापारी एकमेकांच्या हातावर रुमाल टाकत आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव करत. वरून व्यापारी मालाला नावं ठेवायचा, शिव्याही घालायचा. खरा आकडा खाली बोटांत. मालक सांगत, "तोंडानं काय वाट्टंल ते बोला. रुमालाखाली खोटं चालत न्हाई." तसं आम्ही बसलो. मी दलाल. परीक्षक दोन: मालक आणि त्यांचे जुने मित्र, मिरजेत तंबोरे बनवणारे भाई. तिसरं मत माझं. कपाटाला चादर लावली आणि तीन वायरी घेऊन काकू मागे बसल्या. त्यांनी मनाला येईल त्या क्रमानं वायर बदलायची, तोच टेपचा तुकडा वाजवायचा, आणि तंबोरा ऐकू येईल त्या मानानं आम्ही एक ते पाच बोटं द्यायची.

पहिल्या खेपेला भाईंनी माझ्या तळहातावर दोन बोटं दाबली. मीही मनात दोनच धरले. मालकांनी एक बोट दाबलं. चादरीमागे खुडबुड झाली, पुन्हा टेप लागली. दुसऱ्या खेपेला भाई पुढं सरकले, "मालक, काय जवारी खुलली गड्या," म्हणाले आणि पाच बोटं दिली. मलाही आवाज उजळल्यासारखा वाटला, मी चार धरले. मग मालकांचा हात रुमालाखाली आला. एकच बोट. मला वाटलं, गडबडीत बाकीची राहिली. मी हात तसाच धरून ठेवला. ते बोट जरा जोरात दाबलं गेलं. तिसऱ्या खेपेला भाई तीनवर आले, मी पाचवर गेलो. मालक टेप संपेपर्यंत डोळे मिटून बसले होते. त्या घरात पाच बोटांची गरज असलेला माणूस तो एकटाच होता. मी सोडून कुणाला ती कळणार नव्हती आणि मी तोंड उघडणार नव्हतो, हेही त्यांना ठाऊक होतं. त्यांनी एक बोट दाबलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं.

मी सरासरी काढत होतो, तेवढ्यात काकू चादर सारून बाहेर आल्या. हातात दोन नव्या वायरी तशाच. "मागं हात पोचंना. ओढली तर कपाटच हलाय लागलं. म्हटलं, ह्यास्नी काय कळतंय? नुसतं भिंतीवरचं बटण बंद केलं आन चालू केलं." म्हणजे तिन्ही वेळा जुनीच वायर. भाईंनी टोपी काढून डोकं खाजवलं. म्हणाले, "वहिनी, तुमच्या बटणात जवारी हाय."

हसून झाल्यावर काकूच म्हणाल्या, सौदा रद्द, उद्या पुन्हा करू. भाईही म्हणाले रद्द. मी आकड्यांचा माणूस, मीही तेच म्हणालो. परीक्षाच झाली नाही तर निकाल कुठला? मालक रुमालाची घडी घालत होते.

"रद्द कशाला? माल एकच हुता, मी एकच भाव दिला. तंबोरा तिन्ही येळा ऐकू आला न्हाई. तुमास्नी ऐकू आला, म्हंजे जुन्या वायरीतनंबी तो येतोय." घडी खिशात घालून ते उठले. "दवाखाना कवा बंद हुतो?"

दुकानातली वायर त्यांनी ठेवून घेतली, पिन घट्ट म्हणून. अजगर मखमलीसकट पुण्याला परत गेला.

परवा सांगलीला गेलो तेव्हा मालकांच्या कानामागं मशीन होतं. मला पाहिल्याबरोबर त्यांनी डब्यातून हळकुंड काढून कानाशी मोडलं, जरा ऐकलं आणि तुकडे परत डब्यात ठेवले. मग टेप लावली. काकू दाराशी टेकून उभ्या होत्या. "आला का तंबोरा?" त्यांनी विचारलं. "व्हय की," मालक मोठ्यानं म्हणाले, "लय झ्याक." आणि सहज टाकल्यासारखा रुमाल माझ्या हातावर टाकला. खाली तीन बोटं दाबली.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "किती?"

"दस्तूर आहे काकू, सांगता येत नाही."

"पाच आसती तर सांगितलं आसतं," त्या म्हणाल्या. मग कपाटापाशी गेल्या, काच सरकवली, आणि इतक्या वर्षांत कुणीही हात न लावलेलं आवाजाचं ते बटण हळूच थोडं उजवीकडे फिरवलं. मालकांनी पाहिलं. गवयानं श्वास घेतला, आणि त्या मोकळ्या जागेत मागचा तंबोरा झणकारला. रुमालाखाली माझ्या तळहातावर चौथं बोट येऊन टेकलं.