अकरा रिकाम्या पेट्यांसाठी नांदेड ते देवणी

मी संशयी माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. पेट्रोल भरताना माझी नजर मीटरवरून हलत नाही, आणि मोजून घेतलेली केळी घरी आल्यावर मी पुन्हा मोजतो. त्यामुळे ज्याच्यासोबत दोन वर्षं रोज संध्याकाळी एक साहसी व्हिडिओ गेम खेळलो, त्या बसवराजवर मला चोरीचा संशय आला आणि त्याला समोरासमोर गाठायला मी रविवारी सकाळी सातला मोटारसायकल काढली, याचं माझ्या ओळखीच्या कुणालाच नवल वाटलं नाही. आईने फक्त विचारलं, "देवणीला कोण हाय रे आपलं?" मी म्हटलं, "तेच बघायला चाललोय."

गेमचं नाव सांगत नाही, कुणाचा काय भरवसा. एक भलं मोठं जग आहे, त्यात डोंगर, जंगलं, गवताळ पठार, बंदर, आणि कुठेही चालत जायची मुभा. माझा आवडता मुलूख उत्तरेचा बर्फाळ डोंगर. नांदेडचा मे महिना ज्याने काढलाय त्याने कारण विचारू नये. त्या बर्फात अकरा खजिन्याच्या पेट्या मी मुद्दाम न उघडता ठेवल्या होत्या, ताटातलं गोड शेवटी खातात तशा. गेल्या महिन्यात वर गेलो तर अकराच्या अकरा उघड्या. माझ्या जगात शिरायची परवानगी मी फक्त बसवराजला दिलेली. मी त्याच्याशी बोलणं तोडलं, पण पुरावा नव्हता. आणि खरं सांगायचं तर दुसरा मित्रही नव्हता. म्हणून जाणं भाग होतं.

जाणाऱ्यांसाठी माहिती: नांदेड, लोहा, अहमदपूर, शिरूर ताजबंद, उदगीर, देवणी. थांबत थांबत गेलात तर चार तास धरा. रस्ता अहमदपूरपर्यंत इतका चांगला लागला की पुढे कुठेतरी खोदून ठेवलेलं असणार याची मला खात्रीच पटली. उदगीरच्या अलीकडे ते निघालंच, आणि मला बरं वाटलं.

अहमदपूरला बसस्टँडजवळ सुशीला खाल्ली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, भिजवलेल्या चुरमुऱ्यांना कांदा-मिरचीची फोडणी, वरून शेंगदाणे. मी गाडेवाल्याला विचारलं, "ताजी आहे ना?"

"मालक, खाऊन बघा. न्हाई आवडली तर दुसऱ्या गाड्यावर जावा. तो बी माझाच भाऊ हाय."

दोन्हीकडून पैसे एकाच घरात जाणार, हे माझ्या लगेच ध्यानात आलं. सुशीला मात्र उत्तम होती, दोन प्लेटी घेतल्या.

देवणीत बसवराजचं पशुखाद्याचं दुकान आहे. पेंडीच्या पोत्यांमागे तो फोन घेऊन बसला होता. पस्तिशीचा, रुंद खांद्यांचा, आवाज ओळखीचा आणि चेहरा पूर्ण अनोळखी. मी येणार हे कळवलं नव्हतं, तरी नाव सांगताच त्याने दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि मला मागच्या घरी जेवायला नेलं. ज्वारीची भाकरी, वरण, शेंगदाण्याची चटणी. चोर इतका आग्रह करून वाढेल का, की चोर असल्यामुळेच वाढतोय, हे मला चौथ्या भाकरीपर्यंत ठरवता आलं नाही.

विषय काढायचा म्हणून मी मुलुखांवर आलो. त्याचा आवडता मुलूख म्हणजे गवताळ पठार. यावर आमची दोन वर्षं भांडणं.

"दारात माळ असताना गेममध्ये जाऊन माळच बघतोस?" मी म्हटलं. "डोंगर बघ, बर्फ बघ."

"बर्फात काय हाय बे? पांढरं आन् पांढरं. पठारावर कसं, दिसलं तिकडं जायचं. हितं जरा बांध ओलांडला की मालक विचारतो, कुणीकडं निघालास."

गोठ्यात त्याची देवणी जातीची गाय बांधलेली होती, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके. तिच्याकडे बघत तो म्हणाला, "फक्त एक चूक केली गेमवाल्यांनी. तिथल्या गुरांवर माशीच बसत न्हाई. शेपटी उगंच हालवतेत."

मला हसू आलं, आणि हसलो तर मुद्दा राहील म्हणून मी घाईघाईने म्हटलं, "माझ्या पेट्या तू उघडल्यास."

बसवराजने गायीवरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "म्हणून बोलणं बंद केलास व्हय. तुझी पिशवी बघितलास का?"

मी त्याची पिशवी दहादा तपासली होती. गेममध्ये सोबत्याची पिशवी बघता येते. स्वतःची बघायचं मला सुचलंच नव्हतं. फोनवर माझं खातं उघडलं. अकराचे अकरा खजिने माझ्याच पिशवीत होते.

"आता माझं ऐक," तो म्हणाला. "तू रोज दुपारी दोनला येतोस. लढत न्हाईस, काही न्हाई. बंदरावर नुसता हिंडत ऱ्हातोस. मी बाजूला येऊन उभं राहतो, तर बोलत न्हाईस. मला वाटलं, ह्यो काहीतरी डाव करायलाय."

दुपारी दोनला मी नांदेडजवळ विष्णुपुरीला कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामावर असतो, म्हणजे माझ्या खात्यातून दुसरंच कुणीतरी हिंडत होतं. मी त्याची माफी मागितली, ती त्याने "चल, च्या घे" म्हणत उडवून लावली.

परतीच्या वाटेवर मी उदगीरला फोनवरून पासवर्ड बदलला. जुना घरच्या कॉम्प्युटरवर साठवलेलाच होता, समोर बसेल त्याला गेम उघडायचा. शेजाऱ्यांकडे आमची किल्ली असते, त्यांच्यावर संशय घेतला. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्यावर घेतला. लोह्यापर्यंत माझी यादी सात जणांवर गेली, आणि त्या सातांत घरातलं कुणी नव्हतं. बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, मी आणि आई.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आई कॉम्प्युटरसमोर खुर्चीत होती आणि पडद्यावर 'पासवर्ड चुकीचा आहे' अशी पाटी.

"बिघडला वाटतं," ती म्हणाली. "मी काही केलं न्हाई. पुसत होते."

"आई, बर्फातल्या पेट्या तू उघडल्यास?"

बराच वेळ तिने पदराने कीबोर्ड पुसला. "दिसली की उघडली. भरलेली पेटी बंद कशाला ठेवायची? पण तिथं करमंना. लांबलांबवर माणूस न्हाई. मग ते बंदर सापडलं."

बंदर हा माझ्या आणि बसवराजच्याही यादीतला शेवटचा मुलूख. ना खजिना, ना शत्रू, नुसती गर्दी. "तिथं काय आहे?" मी विचारलं.

"माणसं हायत. जवळून गेलं की थांबतेत. तोंडाकडं बघतेत, काहीतरी विचारतेत."

"अगं, ते इंग्रजीत बोलतात."

"मला कुठं कळतंय. पण विचारतेत की."

मी सहाला घरी येतो, चहा घेतो आणि कानाला हेडफोन लावतो. दोन वर्षं. मला फार लाज वाटली. कोणता मुलूख सर्वात चांगला, यावर मी बसवराजशी पुन्हा भांडेन, पण माझं मत आता पूर्वीइतकं पक्कं नाही. आईला नवा पासवर्ड कागदावर लिहून दिला. मग तिच्याजवळ खुर्ची ओढून विचारलं, "आज दिवसभर काय केलंस?"

तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "काय पाहिजे तुला?"